पूर कुठवर येतो ते मीच दाखवलं

आमच्या घरची एक पद्धत होती. मोठा पूर ओसरला की काडीकचरा जिथे अडकून राहिला असेल, तिथे एक दगड रोवायचा. वडील रोवायचे, त्यांच्यामागे मी. त्या दगडांच्या आत कुणी घर बांधलं नाही, विहीर खणली नाही. उन्हाळ्यात तिथल्या गाळात डांगरं लावायची, पावसाळ्यात जागा नदीला मोकळी सोडायची. पाण्यालाही पसरायला जागा लागते, एवढंच आम्हाला कळत होतं.

वाटणीत पलीकडचा काठ दादाला आला, अलीकडचा मला. माझी विहीर दगडांच्या जरा वर. शेत आणि घर, दोन्ही तिच्या जिवावर. दादा शिक्षक होता आणि मला तर तो म्हणेल ती पूर्व दिशा. त्याने पलीकडचा सगळा पट्टा गोल्फ कोर्सवाल्यांना मिळवून दिला, तेव्हा मात्र मी कपाळावर हात मारला. धाड गावच्या बाजाराला जीपला लटकून जाणारी आम्ही माणसं, आमच्यात गोल्फ खेळणार कोण? म्हशी?

"अन् पुराचं काय? माह्या विहिरीचं काय?" मी विचारलं.

"चिडतं काऊन बे?" दादा हसला. "त्याहीच्या साहेबाले पूर कुठवर येते ते दाखवून दे. तेवढी जागा सोडतीन ते."

मला पटलं. पटलं कसलं, मी फुशारलो. दिवसभर त्या साहेबाला घेऊन दोन्ही काठ फिरलो. गवतात बुडालेले दगड हाताने मोकळे केले, पाणी कुठे वळतं, कुठे थांबतं, सगळं सांगितलं. घरून नेलेली ठेचा-भाकरही त्याला खाऊ घातली. पूर कुठवर येतो हे कळलं की माणूस मागे सरकतो, अशी माझी समजूत. आमच्यात तसंच होतं ना!

त्यांनी पाण्याच्या अगदी कडेला, सगळ्यात मोठ्या पुराच्याही वर जाईल असा बांध घातला. मागे मुरूम भरून गवत लावलं. डांगरं संपली. ते गवत भर उन्हाळ्यात पोपटी असायचं आणि त्यावर फवारा मारला की इकडे माझे डोळे चुरचुरायचे.

पुढच्या मोठ्या पुराला पलीकडे चढायला जागाच उरली नव्हती. तो सगळा माझ्याकडे आला. काळी माती खरवडून गेली, विहीर गाळाने काठोकाठ भरली.

दादा बघायला आला. चपला हातात घेऊन चिखलातून विहिरीपर्यंत आला.

"पानी इकडं येईन, हे तुले माहीत होतं का?" मी विचारलं. तो नाही म्हणाला असता तर मी विश्वास ठेवला असता. आजही ठेवीन.

"बांधाचे दोन नकाशे दाखवले होते त्याहीनं मले," तो म्हणाला. "दुसऱ्यात पानी खालच्या वस्तीवाल्याइच्या वावरात जात होतं. ते कोर्टात गेले असते. तू तं घरचाच."

त्या दिवशी मला पुराचा राग आला नाही, गोल्फवाल्यांचाही नाही. सख्ख्या भावाने गळा कापला, आणि तोही मला विचारात घेऊन. मी कोर्टात गेलो नाही. हे लिहितानाही त्याचं नाव घातलेलं नाही. किती नेमका ओळखून होता तो मला!