चपलांवरची फुंकर

"तुमच्या भुताला बघून मांजरसुद्धा कूस बदलणार नाही!" वहिनी कडाडल्या.

"तू लिहून दाखव चार ओळी," लेखकमहाशय फणकारले.

"मी कशाला? कवटी, घुबड, कर्रकन वाजणारं दार. दर आठवड्याला तेच. वाचणारा भिणार कसला, घोरतो बिचारा!"

मोलकरीण मावशी भांडी विसळत हे ऐकत होती. नवरा-बायकोच्या भांडणात पडू नये एवढी अक्कल तिला होती, पण जिभेला हाड नसतं. दाराशी येऊन म्हणाली, "दादा, बंद घराचं दार वाजत नाही. फुगून बसतं. खांदा लावावा लागतो."

लेखकाचं पेन थांबलं. कारण मावशी उगाच बोलत नव्हती. या कामाआधी वीस वर्षं तिनं बंद पडलेली घरं झाडूनपुसून दिली होती, नवा भाडेकरू येण्याआधी.

त्या दिवसापासून लेखक मोरीपाशी स्टूल ओढून बसायला लागला.

"जाळी तरी असतात ना, मावशी?"

"जुनी, फाटकी. माणूस गेलं की माश्या जातात, माश्या गेल्या की कोळी. उपाशी कोण राहील हो?"

नळ आधी खोकतो, मग तांबडं पाणी ओकतो. साबणाच्या वडीला भेगा पडतात. कॅलेंडर एकाच महिन्यावर लटकून राहतं. मावशी सांगायची, लेखक टिपून घ्यायचा. गोष्टीतली भुतं रोडावली आणि वाचकांच्या पत्रांचा गठ्ठा फुगला. "आता मलाच माळ्यावर चढायची भीती वाटते," म्हणत वहिनी मावशीच्या कपात जास्तीचा चहा ओतायच्या. दर गुरुवारी घरी जाताना गोष्टीचं पाकीट साप्ताहिकाच्या कचेरीत द्यायचं कामही मावशीकडेच आलं.

एकदा लेखकानं विचारलं, "तुम्ही पाहिलेली सगळ्यात वाईट खोली कुठली?"

मावशी बराच वेळ एकच ताट घासत राहिली. मग म्हणाली, "माझ्या लेकीची."

सहा वर्षांपूर्वी पोरगी तापानं फणफणली. उचलून दवाखान्यात नेली, अनवाणीच. ती परत आली नाही. चपला खोलीत राहिल्या. आत पाचही बोटांचे काळे ठसे. मावशी खोली रोज झाडते. चपलांना फडका लावला तर ठसे पुसतील, नाही लावला तर धुळीखाली जातील. म्हणून ती रोज खाली बसते आणि नुसती फुंकर मारते.

पुढच्या बुधवारी लेखकानं गोष्ट वाचून दाखवली. खोली हुबेहूब उतरली होती. खाट, केरसुणीच्या रेघा, धूळ नसलेल्या चपला. वहिनींनी हात तोंडावर ठेवला. शेवटी त्या चपला आपोआप हलल्या आणि फट-फट वाजत दारापर्यंत चालत गेल्या.

मावशी उठून उभी राहिली. "ते खोडा."

"अहो मावशी, तिथेच तर लोक घाबरणार!"

"सहा वर्षं बसतेय मी तिथे, दादा. एकदा जरी चालल्या असत्या तर मी भ्याले असते होय? ताट वाढलं असतं." तिनं ओले हात कमरेला पुसले. "कुणी येत नाही. तेवढंच लिहा. माझ्या पोरीला लोकांनी भिऊ नये."

"संपादक गोष्ट परत पाठवेल."

"खोडा हो," वहिनी हळूच म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नाही, तेव्हा लेखक मुकाट्यानं वाकला आणि रेघ मारली. मावशीला वाचता कुठे येत होतं? तिनं शाई ओली आहे का ते बोट लावून पाहिलं आणि गोष्ट पुन्हा पहिल्यापासून वाचायला लावली.

त्या आठवड्याच्या शेवटी मावशीनं छातीत दुखतंय म्हणून अंथरूण धरलं, ते पुन्हा उठली नाही. पण त्याआधी, गुरुवारी, हे कुणाला ठाऊक होतं? दोन जिने चढून, मध्ये एकदा कठड्याला टेकून, ती कचेरीत पोचली.

"काय मावशी, या खेपेला किती भुतं?" कारकून हसला.

"एकही नाही. शिक्का मारा लवकर, भाजी घ्यायचीय."

शिक्का नीट उमटला का ते तिनं वाकून पाहिलं, पोचपावतीची चिठ्ठी पिशवीत टाकली आणि जिना उतरायला लागली.