नरसम्माच्या कार्डावरची पद्मा

सोलापूरला मी गेले होते भाचीच्या लग्नाच्या चादरी आणायला, आणि दिवसभर भरत बसले विडी कामगारांचे अर्ज. साताऱ्याची एसटी सकाळी स्टँडवर लागली आणि मी दिसेल त्या शेअर रिक्षात चढले. कुठे थांबणार, हे विचारायचं राहून गेलं. आयुष्यभर मुलांना 'आधी प्रश्न नीट वाचा' म्हणून दटावणारी मी!

रिक्षात पद्मा आणि तिच्या सासूबाई नरसम्मा बसल्या होत्या. आपसात तेलुगू, माझ्याशी मराठी. मी निवृत्त मास्तरीण आहे हे कळताच नरसम्मांनी माझा हातच धरला. विडी कारखान्याच्या शाखेत आज नवी नोंदणी होती आणि अर्ज लिहायला कुणी मिळत नव्हतं.

"चादरी काय पळून जात्यात का? चला की," त्या म्हणाल्या. मीही गेले. मला नाही म्हणताच येत नाही.

शाखेत बायकांची ही गर्दी! भानगड मला तिथे समजली. या घरांत कार्ड एकच, सासूच्या नावाचं. सून आली की त्याच कार्डावर विड्या वळायला बसते. पद्माने सव्वीस वर्षं वळल्या, पण कागदोपत्री त्या सगळ्या नरसम्माच्या. आता प्रत्येकीची तिच्याच नावावर नोंद होणार होती. पद्मा सेहेचाळीस वर्षांची. पेन्शनला नोंदलेल्या कामाची दहा वर्षं हवीत, तीही अठ्ठावन्नच्या आत. म्हणजे आता उशीर करून चालणार नव्हतं. नावं वाढली की मालक वळायला पानं कमी देईल, अशी कुजबुजही चालली होती. तरी रांग काही कुणी सोडली नाही.

मी ऐटीत पेन काढलं. नाव विचारलं, तर पद्मा म्हणाली, "नरसम्मा." अर्ज फाडला. दुसरा घेतला, पुन्हा नरसम्मा! सव्वीस वर्षं शाखेत त्या नावाची हाक आली की हीच उठत होती. तिसऱ्या वेळी तिने स्वतःचं तोंड दाबून धरलं आणि आमची अख्खी ओळ हसून हसून कोलमडली, कारण शेजारणीनेही स्वतःच्या सासूचंच नाव सांगितलं होतं. कुणीतरी कडक भाकरी आणि शेंगाचटणी पुढे केली. तिसऱ्या अर्जावर तेलाचं बोट माझंच उमटलं.

टेबलाशी कारकुनाने पद्माला विचारलं, काम कधीपासून करता? तिने सासूकडे पाहिलं. त्या कार्डावर नरसम्मांना पेन्शन चालू होती. खरं सांगितलं तर ती बंद होईल, या भीतीने 'नवीनच हाय म्हण' असं त्यांनी तिला रिक्षात तेलुगूत बजावलं होतं, हे मला नंतर कळलं. पण आता त्या स्वतःच उठल्या.

"लिवा सायेब. ही मा कोडलु (आमची सून). मी वळायची सोडून लई वर्सं झाली. पेन्शन मी खाती, हात हिचं हायत."

कारकुनाने चष्मा काढून पुसला. मागचं लिहिता येत नाही मावशी, असं म्हणून त्याने आजची तारीख टाकली. पेन्शनचा विषय त्याने काढलाच नाही.

मग नवी कार्डं वाटायला सुरुवात झाली. "पद्मा," हाक आली. कुणी उठेना. पुन्हा हाक. ही पद्मा कोण म्हणून पद्मासुद्धा मागे वळून बघत होती! नरसम्मांनी तिच्या बरगडीत कोपर मारलं.

"ऊठ की गं, तूच की ती."

परतताना नरसम्मा रिक्षात उगाचच हाका मारत होत्या. पद्मा. काय? काय न्हाय. थोड्या वेळाने पुन्हा, पद्मा. चौथ्या हाकेला ती 'काय' म्हणायच्या आधीच आम्ही तिघी हसत सुटलो, आणि रिक्षावाला आरशातून बघत राहिला. चादरी मी शेवटच्या अर्ध्या तासात घेतल्या. भाचीला नको असलेलाच रंग निघाला.

घरी आल्यावर चार दिवसांनी माझी पेन्शन जमा झाल्याचा मेसेज आला. दर महिन्याला मी नुसता आकडा बघते आणि कुरकुरते. या वेळी वर लिहिलेलं माझं नाव आधी वाचलं, मोठ्याने. घरात कुणी नव्हतं, तरी 'ओ' दिली.