मीटरच्या मागचा हात

या ग्रुपवरचे गूढ अनुभव माझी बायको जेवताना मला वाचून दाखवते आणि मी हसतो. म्हणजे हसायचो. वाकोल्यात माझं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आहे, बावीस वर्षं झाली. दिवा लागला नाही तर कुठेतरी वायर तुटलेली असते, एवढंच मला माहीत. संकेत, भास वगैरे... कधी पटलंच नाही. आजही पटतं असं म्हणणार नाही. जे झालं ते फक्त लिहितोय.

गेल्या मे महिन्यातली दुपार, साडेतीनचा सुमार. दत्ता म्हणून माझं जुनं गिऱ्हाईक आहे. त्याचा ट्रकही तितकाच जुना, पुढे नाक असलेला, आता रस्त्यावर फारसे दिसत नाहीत तसा. दुसऱ्या दिवशी त्याला चिपळूणला माल न्यायचा होता आणि मीटरचे सगळे दिवे गेलेले. स्पीड, डिझेल, टेंपरेचर... अंधार पडला की काहीच दिसेना.

"मोबाईलचा टॉर्च मारून काटा बघतो रे," तो म्हणाला. "घाटात इंजिन तापलं तर कळणार कसं?"

खरं तर मीटर बाहेर काढून मागचे बल्ब बदलायचे असतात. पण स्क्रू गंजून बसलेले आणि प्लॅस्टिक एवढं वाळलेलं, की जोर लावला असता तर तुकडेच झाले असते. म्हणून बॅटरीची केबल काढली, स्टिअरिंगखाली उताणा झोपलो आणि खालून हात घातला. आत दिसत काही नाही, बोटांनीच चाचपत होल्डर शोधायचा. सवयीचं काम. तीन बल्ब बदलले. चौथ्यासाठी हात अजून आत सरकवला — आणि कोणीतरी माझी बोटं धरली.

वायरीत बोटं अडकली नव्हती. वायर मला कळते हो. तो माणसाचा हात होता. गरम, घामेजलेला. त्यात जोर नव्हता, पण सोडतही नव्हता... आजारी माणूस धरतो ना, तसा. आणि अंगठ्याशेजारच्या बोटाला शेवटचं पेर नव्हतं.

माझ्या दादाच्या डाव्या हाताला ते पेर नाही. अंधेरीला कारखान्यात प्रेस मशीनवर गेलं. आई-बाबा लवकर गेले, त्यानेच मला वाढवलं, हे काम शिकायला त्यानेच पाठवलं. तो हात मी डोळे मिटूनही ओळखतो.

किती वेळ गेला... दहा सेकंद? मग मी हिसका देऊन हात सोडवून घेतला. पत्रा लागून मनगटातून रक्त आलं.

"शॉक लागला काय?" दत्ता धावत आला.

"बॅटरी काढलीय ना."

"मग झालं काय?"

"आत... आत बघ जरा."

त्याने टॉर्च मारला. मीटरमागे वायरींचा गुंता, मग पत्रा, आणि पत्र्यापलीकडे इंजिन. माझाच हात जेमतेम जात होता, दुसरा हात यायला जागाच नव्हती.

"ऊन लागलंय तुला. बस जरा, चहा सांगतो."

बसलो. चहा प्यायलो. नंतर चौथा बल्बही बसवला. फोन खिशातच होता. दादाला लावावा असं एकदा मनात आलं. पण विचारणार काय? 'तू आत्ता ट्रकमध्ये माझा हात धरलास का?' हसला असता. नाही लावला.

सव्वापाचला वहिनीचा फोन आला. ती बोरिवलीला बहिणीकडे गेली होती. कांदिवलीच्या घरी परतली तर बाथरूमचं दार आतून बंद.

"भावजी, शेजाऱ्यांनी दार तोडलं," ती रडत सांगत होती. "शुद्धीत आहेत, पण उजवी बाजू गेलीय. बोलता येत नाहीये. डावा हात तेवढा दाराखालच्या फटीतून बाहेर काढला होता ह्यांनी..."

शेजारच्या काकूंनी बादली पडल्याचा आवाज ऐकला होता, साधारण साडेतीनला. डॉक्टर म्हणाले, "थोडं लवकर आणलं असतं तर..."

हे मी वहिनीला अजून सांगितलेलं नाही. कुठल्या तोंडाने सांगू? हात दादाचा नव्हता असं धरलं, तर नेमकं त्याच वेळी, तेच बोट... कसं? आणि होता असं धरलं, तर मी तो झटकला.

दादा आता घरीच असतो. वहिनी भरवते. बोलणं परत आलं नाही. एका रविवारी ती खाली भाजी आणायला गेली तेव्हा मी त्याच्याजवळ बसून विचारलं, "दादा, त्या दिवशी तू मला बोलावलंस का रे?"

त्याने माझ्याकडे बघितलं. मग त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. थांबेचना. मी पुसत राहिलो.

पण त्याला तसं कशानेही रडू येतं. टीव्हीवर जाहिरात लागली तरी. या आजारात असं होतंच, डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं.