खर्ऱ्याला नाही म्हणण्याची शिकवणी

आमच्या दारव्ह्यात माणूस बोलताना आभाळाकडे पाहत असेल तर तो भाविक आहे असं समजू नये. त्याच्या गालात खर्रा आहे. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत टाकून तळहातानं घोटघोट घोटायचा, चार जणांत वाटायचा आणि मग हनुवटी वर करून, काही सांडू न देता, देशाचं राजकारण बोलायचं. आमचे हे हायस्कुलात मास्तर. शाळेत दरवर्षी व्यसनमुक्तीची शपथ तेच द्यायचे, हनुवटी वर करूनच. पोरं निम्मे शब्द अंदाजानं म्हणत.

कापसाचं सगळं बिनसलेली ती वर्षं. गावाकडे आमची थोडी शेती होती, बटाईनं दिलेली. तिथं कोणतं बियाणं लावायचं, कोणतं औषध मारायचं, हे चौकातल्या पानठेल्यावर ठरे. ह्यांच्या मित्रांपैकी एकानं एखादं पाकीट आणलं की बाकीच्यांनी तेच आणायचं. पाकिटावर काय छापलंय ते वाचायची गरज मास्तरांनाही वाटत नसे. मग बोंडअळी आली की सगळ्यांच्याच शेतात यायची, आणि ह्यांना दुःख कमी, समाधानच जास्त. सगळ्यांचंच गेलं, म्हणायचे आणि निवांत जेवायचे. एकट्याचं वाचलं असतं तर बिचाऱ्यांना ठेल्यावर तोंड दाखवायला जागा राहिली नसती.

अशा घरात आमचा मुलगा नववीत गेला. एक दिवस त्याची शाळेची पँट धुवायला घेतली तर खिशात खर्ऱ्याची पन्नी. धुणं तसंच राहिलं. मी पंचायत समितीत कारकून. माझ्या शेजारच्या टेबलावरच्या साहेबांचं तोंड खर्ऱ्यापायी उघडेनासं झालं होतं, डब्यातली पेज ते नळीनं ओढायचे. रोज दुपारी मी ते पाहत होते.

मुलाला विचारलं. म्हणाला, अजून खाल्ला नाही. पण मागच्या बाकावरची पोरं रोज देतात, नको म्हटलं की घरी जाऊन दूध पी म्हणतात, आज तर खिशातच कोंबला. मग रडवेला होऊन म्हणाला, उद्या त्यांना काय सांगू ते तुम्हीच सांगा.

मी काही बोलायच्या आत ह्यांनी खुर्ची ओढली आणि शिकवणी सुरू झाली. हे झाले मित्र. ह्यांनी तळहात पुढे केला आणि असा काही आग्रह केला की मी पाहतच राहिले. एका चिमटीनं कोणी मरत नसते, दोस्ताचा हात माघारी पाठवतेत काय, खाऊन तं पाह्य, नाही आवडला तं थुंक. कुठं म्हणून अडखळले नाहीत. लग्नाला इतकी वर्षं झाली, साडी घे असं मला इतक्या मायेनं कधी म्हणाले नव्हते. पोरगा आपला नको, नको म्हणत होता. हे सांगायचे, जोरात म्हण, डोळ्यात डोळे घालून म्हण, चार पोरं करतात म्हणून आपण करायचं नसतं.

शेवटी पोरानं विचारलं, "बाबा, तुम्ही कसं नाही म्हणता?"

हे मास्तरकीलाच कोणी हात घातल्यासारखे उठले आणि म्हणाले, उद्या संध्याकाळी चल ठेल्यावर, दाखवतो.

दुसऱ्या दिवशी भाजीची पिशवी घेऊन मीही मागोमाग गेले. ह्यांना जमलं तर पोराला जमेल, एवढं मला कळत होतं. ह्यांच्यावर भरवसा नव्हता, तरी मनातल्या मनात देवाला हात जोडले.

ठेल्यावर नेहमीची मंडळी होती: एक निवृत्त तलाठी, एक ग्रामसेवक आणि ज्याच्याकडून सगळे बियाणं घेत तो दुकानदार. पन्नी उघडली. हे म्हणाले, नको, आज नको. चांगलं म्हणाले, खोटं कशाला बोलू. तलाठ्यांनी विचारलं, डॉक्टरनं सांगितलं काय. ग्रामसेवकांनी माझ्याकडे पाहत विचारलं, का घरून हुकूम आहे. तरी हे टिकले. दुकानदारानं मात्र फक्त तळहात पुढे केला आणि तसाच ठेवला. आमच्याकडे पुढे आलेला असा हात परत पाठवणं म्हणजे सोयरीक मोडण्यासारखं. ह्यांनी एकदा त्या हाताकडे पाहिलं, एकदा पोराकडे, आणि चिमूट उचलली. मला इतका संताप आला की भर चौकात ओरडावंसं वाटलं.

तेवढ्यात दुकानदारानं तोच हात पोरापुढे धरला.

"घे बे. बाप खाते, तं तू काहून लाजून राह्यला?"

सगळे हसले. हे वर पाहत होते, त्यामुळे ह्यांना बहुधा दिसलं नसावं. मी पुढे पाऊल टाकलं, पण पोरगा त्याआधीच बोलला.

"मले नको, काका."

आवाज बारीक होता. डोळ्यात डोळे वगैरे काही नाही, तो तळहाताकडेच पाहत होता. दुकानदारानं हात मागे घेतला नाही. पोरानंही आपले हात पाठीमागे घट्ट धरून ठेवले. हसणं थांबलं. अखेर दुकानदाराचाच हात अवघडला आणि उरलेला खर्रा त्यानं स्वतःच्या तोंडात टाकला.

घरी येताना चौक मागे पडला तसा पोरगा बापाजवळ सरकला आणि लहान मुलाला समजवावं तसा हळूच म्हणाला, "बाबा, तुमाले संगत वाईट लागली. त्या लोकायच्या नादी नका लागत जाऊ."

ह्यांना उत्तर द्यायचं होतं. पण थुंकायला जागा सापडेपर्यंत घर आलं.