मीठ कमी, पण चालेल

निंगेगौडा जनावरं थेट गवतात सोडत नसत. फाटकापाशी वाकायचे, एक पात उपटायचे, डोळे मिटून चघळायचे आणि निकाल द्यायचे, "मीठ कमी. पण चालेल." मगच त्यांच्या गाई आत शिरायच्या. तोवर त्या इतक्या शिस्तीत उभ्या राहत, की दसऱ्याच्या हत्तींनी येऊन शिकून जावं.

हूटगळ्ळीला आमची थोडी जमीन आहे. चहूबाजूंनी घरं अशी उगवत होती, की सकाळी म्हैस बांधलेल्या जागी संध्याकाळी दुसरा मजला दिसे. रिकामी जागा कुणीतरी गिळेल, म्हणून मी ती गौडांना चराईला दिली. मोबदला म्हणून दर संक्रांतीला तुपाची बरणी. झाकण उघडलं, की पथ्यावरची माणसं वासामागं आमच्या दारात हजर.

पुढे मला जमीन विकायची बुद्धी झाली. गिऱ्हाईक नेमकं संक्रांतीच्या संध्याकाळी येणार होतं. तेवढ्या दिवशी गाई आणू नका, असं मी गौडांना सांगितलं. त्यांनी भोवतालच्या घरांवर नजर फिरवली. आसपास दुसरीकडे गवत उरलंच कुठं होतं?

"मग किच्चु कुठं करू, रायरे?" ते म्हणाले. रोगराई टळावी म्हणून संक्रांतीला जाळावरून गुरं उडवायची, तो किच्चु. "जिथलं गवत खाल्लं, तिथंच उडी मारायची."

मला वाटलं, टाळतील. संध्याकाळी पाहतो तर फाटकातच भाताचा पेंढा धडधडतोय, गाई हळदीनं पिवळ्याजर्द, शिंगांना फुगे. गिऱ्हाईक पांढरे बूट घालून आत उभं. पहिली गाय अशी उडाली, की तिला वरून चामुंडीची टेकडी ठेंगणी दिसली असेल. उतरली ती थेट गिऱ्हाइकापुढं. बाहेर पळायची वाट एकच, जाळावरून. साहेब उडाले. गाईपेक्षा हातभर उंच.

"आता वर्षभर साहेबांना खुरकूत व्हायची नाही," गौडा समाधानानं म्हणाले. मोटार दिसेनाशी झाल्यावर हळूच पुढं आले. "दुसरं गिऱ्हाईक बघताय, रायरे? पेंढा शिल्लक ठेवतो."

मी विकायचा विषय सोडला.

गेल्या पावसाळ्यात गौडा गेले. दिवसकार्य उरकल्यावर त्यांची बायको जयम्मा गाई घेऊन आली. फाटक सताड उघडं, गवत कमरेएवढं, पण एकही गाय हलेना. जयम्मानं हाकललं, चुचकारलं; सगळ्या आपल्या माझ्याकडं बघत उभ्या.

शेवटी मी वाकलो. एक पात उपटून चघळली. कडूजहर.

"मीठ कमी," मी म्हणालो. "पण चालेल."

गाई आत गेल्या.