आराम दाबा, भगवानभाऊ!

आमच्या धंद्यात माल खाली होतो, किस्से खाली होत नाहीत. एका फेरीचा किस्सा सांगून होत नाही तोवर दुसऱ्या फेरीचा तयार! बुऱ्हाणपुरात राजपुऱ्यातल्या चहाच्या टपरीवर आम्ही ड्रायव्हर मंडळी जमलो, की आधी कोण बोलणार यावरच भांडण सुरू.

मी वसंता, लोधीपुऱ्यातला. बुऱ्हाणपूरची केळी दिल्लीला पोचवतो आणि छाती काढून सांगतो. केळं इथून हिरवं निघतं नि तिथं हिरवंच उतरतं, ते काय आपोआप उतरतं का भो?

पण खरे किस्से भगवानभाऊचे. इथल्याच फोपनार गावचा माणूस. माझ्याहून मोठा, म्हणून भाऊ. आजवर त्याच्या गाडीला ओरखडा नाही.

तर झालं काय, कंपनीनं गाडीत एक डबी बसवली नि मोबाईलमध्ये एक अ‍ॅप टाकून दिलं. गाडी कुठं आहे, चालू की उभी, हे डबी सांगणार. ड्रायव्हर काय करतोय हे आपण बटण दाबून सांगायचं. ‘चालवतोय’, ‘काम’, नाहीतर ‘आराम’. आणि वर साहेबांचा दम: ज्याच्या नावावर आराम कमी, त्याची दिल्ली बंद! त्यानं जळगाव-खंडवा करत बसायचं.

भगवानभाऊचा जीव दिल्लीच्या लाइनीत. “जळगावला तर आमची बैलजोडी पण जाऊन येईल,” तो म्हणाला, “तिथं ड्रायव्हर कशाला पायजे?”

* * *

ट्रेनिंगला एक पोरगा आला होता. टाय-बीय लावून. त्यानं समजावलं, “आराम करताना आराम दाबा. आणि अ‍ॅपवर सगळं सोडू नका, स्वतःचीही नोंद ठेवा. उद्या काही वाद झाला तर उपयोगी पडेल.”

पहिल्याच फेरीहून भगवानभाऊ परतला तो डोळे लाल करून. मी विचारलं, “काय भाऊ, झोपला नाही का?”

“झोपू कसा? आराम दाबून धरला होता ना!”

“दाबून धरला? अरे, एकदा दाबायचं नि सोडायचं!”

“दाबा म्हटला तो. सोडा कुठं म्हटला?” अंगठा चोळत भाऊ म्हणाला. “डोळा लागला तर बोट सुटेल, बोट सुटलं तर आराम जाईल, म्हणून जागाच राहिलो!”

टपरीवाल्याच्या हातून गाळणं पडलं! अख्ख्या कंपनीत आरामासाठी जागरण करणारा एकच माणूस, तो आमचा.

* * *

मग पुण्याच्या ऑफिसात एक नवीन मॅडम आल्या. सगळ्या गाड्या कॉम्प्युटरवर बघायच्या आणि ड्रायव्हरला फोन करायचे, हे त्यांचं काम. बोलायला गोड, पण शुद्ध बोलणाऱ्या.

भगवानभाऊ इंदूरला माल उतरवून चहा पीत होता. मॅडमचा फोन आला, “भगवानराव, गाडी कुठे आहे?”

आता आमच्याकडे माल उतरला की गाडी खाली. हिंदीतला खाली, म्हणजे रिकामी. भाऊनं आपलं सरळ सांगून टाकलं, “मॅडम, गाडी खाली झाली.”

“खाली? किती खाली?”

“पूरी खाली, मॅडम! काहीच उरलं नाही.”

“अरे देवा! आणि तुम्ही?”

“मी वर बसलोय, चहा घेतोय.”

मॅडमनी तिकडं फोन ठेवला, आणि इकडं आमच्या साहेबांना, मला, सगळ्यांना एकदम फोन: भगवानरावांची गाडी दरीत गेली, त्यांच्या डोक्यावर परिणाम झालाय, चहा-चहा म्हणतायत! साहेब घामाघूम. भाऊला पुन्हा फोन लागला तेव्हा तो उलट चिडला, “गाडी खाली नाही करायची तर काय भरलेली परत आणायची?”

मॅडमनी मात्र चूक मनावर घेतली. मग फोन आला की आधी विचारायच्या, “खाली म्हणजे तुमचं खाली की आमचं खाली?” मला आवडलं ते.

* * *

एकदा त्यांनी मला फोन केला. घाबरूनच. “वसंतराव, भगवानरावांची गाडी नकाशावर तापी नदीत दिसतेय! आणि त्यांनी आराम दाबलाय!”

मी म्हटलं, “डबी बरोबर सांगतेय मॅडम. तो गाडी धुतोय.”

फेरीहून आला की भाऊ गाडी नदीच्या उथळ पाण्यात उतरवायचा नि म्हशीसारखी घासून घासून धुवायचा. मॅडमना तेही मान्य, पण त्यांचा प्रश्न वेगळाच. “गाडी धुणं काम आहे. मग त्यांनी आराम का दाबला?”

मी भाऊला तिथूनच लाइनीवर घेतलं. तो शांतपणे म्हणाला, “मॅडम, म्हैस धुणं हे काम की आराम, हे आमच्या फोपनारात अजून ठरलेलं नाही. ठरलं की कळवतो.”

* * *

माझी नोंदीची रीत वेगळी. मी जिथं थांबतो तिथं फोटो काढतो. ढाबा, टोल, पंपाची पाटी, सगळं. बायको चिडवते, “लग्नाचा एक धड फोटो नाही आपला, आणि टोलनाक्याचे एवढे!”

पण दिल्लीत एका व्यापाऱ्यानं माझ्यावर आवाज चढवला ना, “तुम लेट आए, माल खराब हो गया,” तेव्हा मी फोन काढून त्याच्यासमोर धरला. फोटोत त्याच्याच गोदामाचं कुलूप, कुलपासमोर माझी गाडी, आणि बाजूला त्याचाच चौकीदार दात घासतोय!

“लेट कौन आया सेठजी?” मी म्हटलं. सेठजींनी चौकीदाराकडं बघितलं. मग मला बसायला खुर्ची दिली. ड्रायव्हरला खुर्ची! मी मुद्दाम दोन चहा होईपर्यंत उठलो नाही.

* * *

आणि आता ज्याच्यासाठी हे सगळं सांगायला बसलो, तो किस्सा.

कंपनीनं अ‍ॅप बदललं. कुणाला सांगणं नाही, विचारणं नाही. जिथं ‘आराम’ होता तिथं ‘काम’ आलं. भगवानभाऊचा अंगठा आपल्या सवयीच्या जागी. दिल्लीची अख्खी फेरी तो थांबला की ‘काम’, निजला की ‘काम’! कागदावर निघालं काय, की हा माणूस बुऱ्हाणपूरहून निघाला तो परत येईपर्यंत झोपलाच नाही.

साहेबांनी बोलावलं. भाऊ म्हणाला, “वसंता, तू चल. मला राग आला तर मी बोलत नाही, नि तुला आला तर तू थांबत नाही.” गेलो. टेबलावर भाऊच्या गाडीची चावी. पुण्याच्या मॅडम फोनवर.

“बटणाची जागा बदलली, मान्य. गाडी उभी होती, हे डबी सांगते,” साहेब म्हणाले. “पण तुम्ही झोपला होता की आणखी काही करत होता, हे कोण सांगणार? बिनझोपेचा माणूस मी दिल्लीला नाही पाठवणार.”

माझं डोकंच फिरलं. “अहो साहेब, ह्या माणसाच्या गाडीला आजवर ओरखडा नाही, नि तुम्ही...”

भाऊनं माझा हात दाबला. त्याचा चेहरा उतरला होता. त्यानं खिशातून मोबाईल काढला. “मी पण ठेवली आहे साहेब, स्वतःची नोंद. वसंता फोटो काढतो. पण निजलेल्या माणसानं स्वतःचा फोटो काढायचा कसा? म्हणून मी आवाज भरतो.”

त्यानं बटण दाबलं. “भगवान बोलतोय. शिवपुरीच्या अलीकडं. गाडी बाजूला लावली. निजतो आता.” जरा खुडबुड. आणि मग जे घोरणं सुरू झालं, ऑफिसचा शिपाई आत डोकावून गेला! पुढची नोंद ग्वाल्हेरची. तेच घोरणं. फोनवर मॅडमना हसू आवरेना.

साहेब काही हसले नाहीत. “हे घोरणं तुमचंच कशावरून? कुणीही घोरेल.”

“घरी विचारा,” भाऊ म्हणाला.

“विचारतोच. वहिनींनी ओळखलं तर चावी तुमची. नाही तर जळगाव. आणि तुम्ही दोघांनी एक शब्द बोलायचा नाही!”

साहेबांनी स्वतः फोपनारला फोन लावला, स्पीकरवर टाकला. सुमनवहिनींनी उचलला. पाठीमागं अंगणात कोंबड्या. साहेब खणखणीत आवाजात म्हणाले, “वहिनी, ऑफिसातून बोलतोय. जरा हे ऐका,” आणि त्यांनी भाऊचा मोबाईल फोनजवळ धरला. घोरणं चालू. तिकडून नुसत्या कोंबड्या. चावीकडं बघायची माझी हिंमत होईना.

“वहिनी? ऐकताय ना? कोण आहे हे?” साहेब आणखी मोठ्यानं म्हणाले.

तिकडून एकदम दबका आवाज आला.

“हळू बोला ना साहेब! आत्ता कुठं डोळा लागलाय त्यांचा. उठवू नका.”