सडक बारा, क्वार्टर चार-बी

पत्त्यात मी सेक्टर लिहायलाच विसरले. अख्खा संसार स्टील प्लांटच्या टाउनशिपमध्ये केलेल्या बाईनं हा गाढवपणा करावा? भिलाईत बहुतेक प्रत्येक सेक्टरला स्वतःची सडक बारा आहे आणि तिच्यावर क्वार्टर चार-बीही. पण आम्ही आपसांत सेक्टर कधी बोलत नाही. आपला सेक्टर तो सेक्टर, बाकीचे परदेश.

करोनाच्या दुसऱ्या लाटेतली गोष्ट. बंगलोरच्या माझ्या नातीनं आणि तिच्यासारख्या संगणकवाल्या पोरापोरींनी एक नकाशा तयार केला होता. कुणाला काय हवं, कुणाकडे काय आहे, हे लोकांनी कळवायचं; ही मुलं ते नकाशावर टाकणार आणि जवळचा कुणीतरी धावणार. भिलाईची खबर द्यायला नातीनं मला नेमलं. तेव्हाची मी, काय सांगू, आरशासमोरून जाताना स्वतःलाच नमस्कार करायची बाकी होते.

अशात मागच्या सडकेवरची माझी मैत्रीण आजारी पडली. भंडाऱ्याकडची, तोंडानं फटकळ, नवरा प्लांटमधून रिटायर होऊन वारलेला. तिच्या सुनेचा फोन आला, "काकू, बोटावरचा ऑक्सिजनचा आकडा उतरून राहिला. दवाखान्यात बेड नाही."

मी ताबडतोब नकाशावाल्यांच्या ग्रुपवर मेसेज टाकला : भिलाई, सडक बारा, क्वार्टर चार-बी, ऑक्सिजनची मशीन तातडीने. आणि मशीन पोचायच्या आतच नागपूरच्या नणंदेला फोन लावून माझा पराक्रम ऐकवत बसले. नणंद कौतुक करत होती, मी ते आणखी करवून घेत होते.

तिकडे हुडको वसाहतीतली एक मुलगी स्कूटीवर मशीन बांधून निघाली, ती पोचली भलत्याच सेक्टरात. तिथल्या चार-बीमधले गृहस्थ धडधाकट, हातात आंबा. म्हणाले, "बेटी, मैं तो ठीक हूँ। पर आ ही गई हो तो ससुरजी को लगाके देख लो।"

ती मला फोन करत होती, सून करत होती, नात करत होती. माझा फोन मात्र नागपुरात अडकलेला.

शेवटी नातीनं ग्रुपवर टाकलं, भिलाईत जे कोणी आहेत त्यांनी आपापल्या सेक्टरची सडक बारा बघा. मग काय, कुणी पायी, कुणी सायकलवर, जिकडेतिकडे चार-बीची दारं वाजू लागली. आमच्या सेक्टरातल्या एका रिटायर्ड फोरमननं वाजवलेलं दार मैत्रिणीच्या सुनेनं उघडलं आणि त्यानं लगेच ग्रुपवर सेक्टर कळवला. स्कूटी वळली. मशीन लागली आणि संध्याकाळपर्यंत आकडा हळूहळू चढू लागला.

मी नणंदेचा फोन ठेवला तोच नातीचा आला, "आजी, सेक्टर कौन डालेगा? मैं यहाँ से सूंघ के बताऊँ?"  

मैत्रीण हिंडूफिरू लागल्यावर मी तोंड लपवतच तिच्याकडे गेले. चहा झाला, बिस्किटं झाली, मला वाटलं विसरली. निघताना तिनं माझा पदर धरला.

"तुले एक सांगू का वं? माहा जीव वाचला, ते ठीक हाय. पन तूनं माह्या बिमारीची दवंडी साऱ्या भिलाईत पिटली. आता भाजी घ्याले गेली का अनोळखी बाया मले थांबवून माह्या बोटाकडे पाहून इचारते, 'माताजी, आज कितना है?'"